किक बसंना म्हणून आलेल्या गाड्या

2004 साली कोल्हापुरात, उद्यमनगरच्या जवळ, दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं गॅरेज सुरू झालं. यामाहाची आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक बाइक कंपनीनं बंद करून तेव्हा आठ वर्षं झाली होती, पण पोरांनी ती मातीत पळवायला घेतली होती. मडगार्ड काढायचे, मागं चेनचं मोठं स्प्रॉकेट (दातेरी चाक) टाकायचं, गुट्ट्यांचे टायर चढवायचे आणि पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठार गाठायचं. येताना गाडी टेम्पोत. "मामा, किकच बसंना."

अशा पहिल्याच गाडीनं आम्हाला धडा दिला. पिस्टन चिकटला होता. पोरगं ऑइल घालायला विसरलं असणार, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, उतरवला, शेजारच्या लेथवर 50.25 मिलिमीटरला बोरिंग (आतून कातून मोठा) करून घेतलं, नवा पिस्टन-रिंग घालून संध्याकाळी गाडी हातात दिली. नवव्या दिवशी तोच टेम्पो दारात. या वेळी इंजिन पूर्ण उघडलं, तर क्रँकचं, म्हणजे पिस्टनमुळं फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, मॅग्नेटकडचं सील वाळून कडक झालेलं. तिथून हवा आत जाऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं आणि इंजिन जादा तापत होतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉकच्या आतली नळी, म्हणजे स्लीव्ह, बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीनं फुगतं, म्हणून पिस्टन आत अडकतो. सील तसंच ठेवून आम्ही नुसता पिस्टन बदलला होता. दुसरं बोरिंग आमच्या खर्चानं झालं आणि त्या महिन्याचं भाडं थकलं. आरएक्सच्या ब्लॉकला स्टँडर्डच्या पुढं 51 पर्यंत बोरिंगच्या चारच साइज असतात. त्यातल्या दोन आम्ही नऊ दिवसांत खाल्ल्या, हे जास्त लागलं.

तेव्हापासून पाना लावायच्या आधी शोध. किक बसत नाही म्हणजे पिस्टनच धरलाय असं नसतं. आधी प्लग काढायचा. पाण्याची पिचकारी उडाली तर गडी ओढ्यातून आलाय. पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड वाकला नसेल तर थोडक्यात सुटला. मग मॅग्नेटचं कव्हर उघडून नटाला पाना लावायचा. नट फिरला तर दोष किकच्या गिअरमध्ये. नाही फिरला तर प्लगच्या भोकातून ऑइल सोडून रात्रभर ठेवायचं. जोर लावायचा नाही.

हेड-ब्लॉक उतरले की पिस्टनच बोलतो. नुसत्या सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असले तर पातळ मिश्रण किंवा ऑइलची कमतरता. चारी बाजूंना सारखे पट्टे असले तर गार इंजिन तापायच्या आत पिळलंय, नाहीतर बोरिंगवाल्यानं पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवलीय. कार्बोरेटरच्या बाजूला पॉलिश पेपरनं घासल्यासारखं दिसलं तर फिल्टर फाटका आणि माती आत.

मग रॉड धरून वर-खाली हलवायचा. टकटक लागली की हाफ इंजिनचा, म्हणजे नुसतं वरचं ब्लॉक-पिस्टनचं काम करायचा, विषय संपला; क्रँक उतरवून फुल इंजिनच करावं लागतं. टकटक दडपून वरचा माल नवा घालणाऱ्या गॅरेजांचं गिऱ्हाईक पुढं आमच्याकडंच यायचं.

पैशाचं गणित मात्र बरीच वर्षं बसलं नव्हतं. आम्ही इंजिन उघडायचो, मोजायचो, "यात पैसे घालू नका" असं खरं सांगायचो आणि गिऱ्हाईक चहा पिऊन जायचं. दिवस वाया. हिशेब घरचीच बघते; तिनं तोडगा काढला. उघडून बघायचे पैसे आधी घ्यायचे आणि काम इथंच केलं तर बिलातून वजा करायचे. पहिले सहा महिने लोक भांडले. पण नको ते काम नाकारायचं बळ आम्हाला त्या पैशांनीच दिलं.

एकदा परदेशातून आणलेली टू-स्ट्रोक डर्ट बाइक आली. तिच्या सिलिंडरला बिडाची स्लीव्ह नव्हती, आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर होता. अशाला साधं बोरिंग चालत नाही. मालक नवा सिलिंडर मागवायच्या बेतात होता. आम्ही बोळ्यानं जपून ॲसिड लावलं, चिकटलेलं ॲल्युमिनियम विरघळलं आणि खालचा थर धड निघाला. सिलिंडर वाचला, फक्त पिस्टन-रिंग बदलले.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आणि पुन्हा जुलै 2021 ला दारात गाड्यांची रांग लागली. ही इंजिनं उष्णतेनं नव्हे, गंजानं धरलेली. ज्यांनी पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करून बघितली नाही, त्यांची बरीचशी डिझेल भरून ठेवल्यावर सुटली. ज्यांनी बघितली, त्यांच्यातल्या काहींचे रॉड वाकले.

आज आम्ही चौघं आहोत. सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं बोअर गेज स्वतःचं घेतलं. बोरिंग अजून बाहेरच होतं, पण फट आम्ही मोजून घेतो. आरएक्सला आता एवढा भाव आलाय की ती सहसा कुणी सोडत नाही, शेवटची साइज संपली की नवी स्लीव्ह ठोकून घेतात. 150-200 सीसीच्या गाड्यांचं तसं नाही. क्रँककेस (क्रँकभोवतीचं कवच) फुटली असेल तर आम्ही दुसरं इंजिन बघायला सांगतो, आणि आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यायलाही. सध्या टेबलावर अशीच एक उघडी पडलीय. मालकाला दुरुस्तीचा आणि दुसऱ्या इंजिनाचा, असे दोन्ही आकडे लिहून दिलेत, तो रविवारी वडिलांना घेऊन येणार आहे.