दिनास दिन्ले: समुद्राला टेकलेल्या किल्ल्याची मोजदाद

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावर, कार्नार्व्हन गावाच्या दक्षिणेला, सपाट शेतजमिनीतून एकदम उठलेली तीसेक मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर लोहयुगातला किल्ला आहे, दिनास दिन्ले. मातीचे दोन तट, मधे खंदक आणि आत गोल घरं. पश्चिमेचा बराचसा तट आज नाही, तो टेकडीच्या त्या बाजूसकट समुद्रात गेला.

सिंधुदुर्ग किंवा जंजिरा खडकावर उभे आहेत. इथे खडकच नाही. ही टेकडी म्हणजे शेवटच्या हिमयुगात बर्फानं ढकलत आणलेला चिकणमातीचा, वाळूचा आणि गोट्यांचा ढीग. बर्फाच्या रेट्यानं त्याचे थर दुमडलेले कड्यात स्पष्ट दिसतात, म्हणून भूशास्त्रासाठीही ही जागा संरक्षित आहे.

कडा कोसळला की सगळे लाटांना दोष देतात. तो अर्धाच खरा. पावसाचं पाणी वाळूतून आणि गोट्यांतून सहज खाली झिरपतं, पण चिकणमातीच्या थरावर येऊन अडतं. मग ते आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं आणि जाताना बारीक वाळू सोबत नेतं. वरचा थर अधांतरी राहतो, पाण्यानं जड होतो आणि घसरतो. पायथ्याशी पडलेला हा ढिगारा काही काळ कड्याला आधारच देतो. मोठी भरती आणि वादळ एकत्र आलं की लाटा तो ढिगारा उचलून नेतात, पायथा उघडा पडतो आणि पुढची घसरण सुरू होते. म्हणजे ओला हिवाळा आणि वादळी हिवाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दोन्ही लागोपाठ आले तर नुकसान सगळ्यात जास्त.

म्हणूनच 'दरवर्षी इतके सेंटिमीटर' हा आकडा जपून वापरावा. शंभर वर्षांत तीस मीटर गेले तर सरासरी वर्षाला तीस सेंटिमीटर येते, पण कडा तसा झिजत नाही. दहा वर्षं काहीच हलत नाही आणि एका रात्रीत चार मीटरचा लचका जातो. जुन्या नकाशांशी तुलना करतानाही हीच खबरदारी घ्यावी. एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या, नकाशांत कड्याची रेघ काही मीटर इकडेतिकडे असू शकते. त्या चुकीपेक्षा कमी फरक दिसला तर त्याला झीज म्हणू नये.

आता मोजणी ड्रोननं होते, पण त्यातही चुकायला भरपूर वाव आहे. कॅमेरा सरळ खाली धरून काढलेल्या फोटोंत कड्याचं उभं तोंड आणि गवताची पुढे आलेली झालर नीट येत नाही. समुद्राच्या बाजूनं तिरके फोटो घ्यावेच लागतात, नाहीतर किनाऱ्यावरून लेझर स्कॅन करावा लागतो. संदर्भबिंदू, म्हणजे दोन मोजण्या एकमेकींशी जुळवायच्या पक्क्या खुणा, कड्यापासून बरेच आत ठोकावेत. काठावरचा बिंदू पुढच्या मोजणीला असेलच याची खात्री नाही. दोन्ही मोजण्या वर्षाच्या एकाच ऋतूत कराव्यात, नाहीतर वाढलेलं गवत जमीन उंचावल्यासारखं दाखवतं. आणि कड्याचा माथा व पायथा वेगवेगळे नोंदवावेत. माथा मागे सरकलाय आणि पायथा पुढे आलाय, याचा अर्थ ढिगारा अजून तिथेच पडून आहे.

किनाऱ्यावरच्या वारशाचा अभ्यास करणाऱ्या, वेल्स आणि आयर्लंड यांच्या संयुक्त चेरिश प्रकल्पानं 2017 पासून इथे अशी मोजणी केली. त्यातून निघालेला अंदाज असा की येत्या पाचशे वर्षांत किल्ला पूर्ण जाईल. पाचशे वर्षं ऐकायला निवांत वाटतात, पण किल्ल्यातल्या काठाजवळच्या गोल घरांना तेवढा अवधी नाही. 2019 च्या उत्खननात कड्यालगतच एक दगडी गोल घर मिळालं: व्यास सुमारे 13 मीटर, भिंतीची जाडी अडीच मीटर. वाऱ्यानं आणलेल्या वाळूनं ते झाकून जपलं होतं. कुठे खणायचं हा प्रश्न अशा जागी समुद्र ठरवतो, अभ्यासकाची आवड नाही.

खणतानाही वाळू त्रास देते. उभ्या भिंतीचा चर वाळूत टिकत नाही, म्हणून पायऱ्या पाडत उतरावं लागतं, म्हणजे वर दुप्पट जागा उघडावी लागते. कालमापनाची अडचण वेगळीच. कोळसा किंवा हाडातल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून वय काढतात ती रेडिओकार्बन पद्धत; पण मोजलेल्या कार्बनवरून वर्ष ठरवणारा तिचा आलेख इसवी सनापूर्वी साधारण 800 ते 400 या काळात जवळपास सपाट आहे. नमुना कितीही चांगला असो, उत्तर चार शतकांत पसरतं. तिथे वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजणारी ल्युमिनेसन्स पद्धत कामी येते. ताज्या तासलेल्या तोंडात अपारदर्शक नळी ठोकायची, दोन्ही टोकं लगेच बंद करायची. नमुना शक्यतो थराच्या सीमेपासून तीस सेंटिमीटर दूर घ्यावा, कारण वय काढताना आजूबाजूच्या मातीतले गॅमा किरण धरावे लागतात आणि ते तेवढ्या अंतरावरून येतात. खंदकात हळूहळू साठलेली वाळू यासाठी उत्तम. तटाची भर मात्र घाईत टाकलेली असते, कणांना पुरेसं ऊन मिळालेलं नसतं आणि तारीख खोटी जुनी येते.

मग भिंत बांधून कडा का वाचवत नाहीत? कडा थांबवला की त्यातून किनाऱ्याला मिळणारे गोटे आणि वाळू थांबतात. भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरचा किनारा खाली नेते आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना झीज वाढते. शिवाय कड्यातले थर झाकले तर भूशास्त्रीय संरक्षणालाच अर्थ उरत नाही. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे, पण स्मारकाला हात लावायचा तर वेल्सच्या काडू या वारसा खात्याची परवानगी लागते. आमच्या मते भिंत न बांधण्याचा निर्णय योग्यच आहे, कितीही जिवावर आला तरी.

थांबवता येतं ते माणसांचं आणि सशांचं नुकसान. तटावर पायवाट पडली की गवत मरतं, पावसात तिचा ओहोळ होतो आणि वाळू उघडी पडली की ससे तिथेच बिळं करतात. उपाय साधे: वाट सरकवायची, उघड्या जागी काथ्याची जाळी अंथरून गवत धरू द्यायचं आणि कुंपण कड्यापासून पुरेसं आत घ्यायचं. अगदी काठावरचं कुंपण पहिल्या घसरणीत खांबासकट जातं आणि त्याचे खड्डे कड्याला नव्या भेगा देतात.