कुत्रा घेऊन कोकणात जायचं तर आधी तिथी बघा

मागच्या वर्षी आम्ही बुंदीला पहिल्यांदा समुद्रावर नेलं आणि तो प्रकार इतका फसला की परत येताना ताम्हिणीत नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी हिला तुझ्या आईकडे ठेवू." बुंदी म्हणजे आमची इंडी, आपली देशी कुत्री, कोथरूडच्या एका गल्लीत पावसात सापडलेली, आता चार वर्षांची. पाषाण तलावावर बदकं दिसली की तिच्या अंगात येतं, तेव्हा समुद्र बघून ही वेडी होणार असं आम्हीच गृहीत धरलं होतं. वेडे आम्ही झालो.

चूक काय झाली ते आधी सांगते. जोडून सुट्टी आली म्हणून निघालो, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, दिवेआगरला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेलेले, समोर मस्त लांबच लांब ओहोटीची वाळू, म्हणून गाडीतून उतरवून थेट पळत सुटलो तर ही चार पावलं गेली आणि एकेक पाय वर उचलून नाचायला लागली. वाळू तापलेली! आपण चपला घालून असतो, लक्षातच येत नाही. आता मी आधी तळहाताची मागची बाजू वाळूवर ठेवते, सात आकडे म्हणेपर्यंत ठेवता आली तरच हिला उतरवते. मग संध्याकाळी सहाला गेलो तर पूर्ण भरती, उरलेल्या चिंचोळ्या भुसभुशीत पट्ट्यात सगळं पुणे-मुंबई, घोडागाड्या, त्या चार चाकांच्या बाईक फर्रर्र करत जातायत आणि ही थरथरत माझ्या पायात. वर तहान लागली म्हणून खारं पाणी प्यायली आणि रात्रभर जुलाब.

तर यंदा दिवेआगरला मागच्या वर्षीच्याच घरी राहिलो, तिथल्या काका-काकूंकडे. (कुत्रा चालेल का हे फोनवर विचारताना मी दरवेळी आवाज बारीक करते, उगीचच.) काकू म्हणाल्या, "घरात नको हो, आमच्याकडे सोवळं असतं, पडवीत राहू दे, आणि माडाखाली बांधू नका, नारळ पडतो." मला हे एकदम पटलं. इंटरनेटवर पेट फ्रेंडली म्हणून मिरवणारी एक जागा गेल्या वर्षी बघितली होती, तिथे गेल्यावर कळलं की फ्रेंडली म्हणजे रात्रीचे वेगळे पैसे आणि कुत्रा चोवीस तास रूममध्ये. त्यापेक्षा सरळ "पडवीत" म्हणणारी माणसं बरी.

आणि खरी विद्या दिली ती काकांनी. मागच्या वर्षीची आमची रड ऐकून हसले आणि म्हणाले, "तुम्ही अष्टमीला आलात तर असंच होणार." मग त्यांनी हिशोब सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ओहोटी भर दुपारी बाराला. आणि पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती अकरा-बाराच्या सुमाराला आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी पाच-सहाला. रोज साधारण 50 मिनिटांनी वेळ पुढे सरकते, त्यामुळे द्वितीया-तृतीयेपर्यंत ओहोटी साडेसात-आठला. अगदी मिनिटावर नाही, पण कुत्रा फिरवायला पुरे. कोळी लोकांना हे पाठच असतं, आम्ही मात्र कॅलेंडरवर लाल रंगाची सुट्टी तेवढी बघणार.

कुत्र्याला नेमकं काय लागतं बघा. थंड वाळू, ओहोटीने मागे सोडलेली ती ओली घट्ट पुळण, जिच्यावर पाय रुतत नाहीत, आणि माणसं कमी. हे तिन्ही एकत्र मिळतं ते पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत, सकाळी लवकर, आणि तेही मधल्या वारी. म्हणून मला कोणी "डॉग फ्रेंडली बीच कुठला गं" असं विचारलं की मी गावाचं नाव सांगतच नाही, आधी पंचांग काढ म्हणते. तशी पाटी मी आपल्या किनाऱ्यावर तरी कुठे पाहिलेली नाही. उलट 2025 मध्ये श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या किनाऱ्यांची नावं ब्लू फ्लॅग या स्वच्छ किनाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानांकनात आली, आणि त्या ब्लू फ्लॅगच्या निकषांत कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण हवं असं लिहिलंय. अभिमान वाटला आणि पोटात गोळापण आला. म्हणजे शी उचलायची पिशवी खिशात हवीच हवी, "समुद्र घेऊन जाईल" हे आता बंद करा. समुद्र घेऊन जातो आणि पुढच्या गावाच्या पायाशी आणून टाकतो.

जानेवारीतला मंगळवार, पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. सकाळी साडेसहाला सुरूच्या बनातून बाहेर आलो तर किनाऱ्यावर एक माणूस सोडून कोणी नाही. मी बुंदीचा पट्टा सोडणार इतक्यात तो लांबूनच हात करत आला. मला वाटलं आता बोलणी खाणार. पण तो एकदम शांतपणे म्हणाला, "ताई, पाण्याच्या बाजूने फिरवा, वरच्या वाळूत सोडू नका, कासवाचे दिवस आहेत." ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत रात्री वर येऊन कोरड्या वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात, हा माणूस रोज पहाटे चालत त्यांच्या पावलांच्या खुणा शोधतो, मग ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुरतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं. कोल्हे, कुत्री, रानडुकरं सगळी या अंड्यांच्या मागे. मी म्हटलं आमची काही खाणार नाही हो. तो हसून म्हणाला, "खाणार नाही, पण मला सापडायच्या आधी तिला सापडेल."

खरंय की! मग लांब दोरी लावली. वीस फुटांची सुती दोरी, रविवार पेठेतून आणलेली, त्या फॅन्सी गुंडाळणाऱ्या लीशपेक्षा हीच भारी, कारण तिच्यात वाळू अडकत नाही. आणि त्या दोरीवर ती जी काय धावली! लाट आली की मागे, लाट गेली की तिच्यामागे भुंकत, मग छोटे खेकडे दिसले तेव्हा समुद्राचं कामच संपलं. खेकडा बिळात गेला की नाक खुपसून फूं करायची आणि पांढरी नाकपुडी घेऊन माझ्याकडे बघायची. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून व्हिडिओ काढत होता आणि "आईकडे ठेवू" म्हणणारा माणूस तो हाच.

वेळासचा बेत मात्र याच बोलण्यामुळे रद्द केला. बागमांडल्याहून वेश्वीच्या फेरीबोटीत गाडी चढवली की पलीकडेच ते गाव, पण कासवांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या गावात ऐन मोसमात कुत्रा घेऊन जाणं म्हणजे लग्नघरी फटाक्याची माळ घेऊन जाण्यासारखं. हरिहरेश्वरलाही खाली उतरवलं नाही. तिथले खडक निसरडे, प्रदक्षिणेच्या वाटेवर लाट कधी येईल सांगता येत नाही, शिवाय देवस्थान. आम्ही आळीपाळीने दर्शन घेतलं, एकजण गाडीपाशी.

त्याऐवजी दिवेआगरहून श्रीवर्धनला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. भरडखोल, शेखाडी, आरावी असा तो रस्ता, उजवीकडे सतत समुद्र. शेखाडी म्हटलं की आमच्या पिढीला 1993 चे मुंबईतले बॉम्बस्फोट आणि त्यासाठी इथे उतरवलेलं ते आरडीएक्स आठवतं, आणि समोर दिसतं इतकं निवांत गाव की विश्वास बसत नाही. आरावीच्या पुळणीवर तर तासभर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. फक्त गावातली तीन कुत्री आली, शेपट्या ताठ. अशा वेळी आपल्या कुत्र्याला उचलून घ्यायचं नाही, वळायचं आणि आल्या वाटेने हळू चालायचं. ती हद्दीपर्यंत पोचवायला येतात आणि थांबतात. किनारा त्यांचा आहे, आपण दोन दिवसांचे.

आणि आता भरडखोल. तिथे मासळी वाळत घातलेली असते हे मला दिसत होतं, वास तर येतच होता, तरी मी फोटो काढायला उतरले आणि दार नीट लावलं नाही. पुढचे दहा सेकंद सांगत नाही. बुंदी बोंबलाच्या ओळीखालून आरपार गेली, एक तोंडात, आणि पलीकडे टाकून दिलेल्या कुजक्या मासळीत पाठीवर पडून चारही पाय वर. मी ओरडले ती बोंबलासाठी नाही, त्या ढिगात केंड मासा असेल तर, या भीतीने. केंड विषारी, कोळी जाळ्यातून काढून फेकून देतात, आणि कुत्र्यांना काय कळतंय. सुदैवाने नव्हता. बोंबील वाळवणाऱ्या आजी कमरेवर हात ठेवून उभ्या. मी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "एका बोंबलाचे कसले घेऊ गो? अर्धा किलो घे नी जा." घेतला.

धुतली ना तिला! काकूंच्या विहिरीवर दोनदा, शिकेकाईने, मग शाम्पूने. गोड्या पाण्याने धुवायचंच असतं, नाहीतर मीठ वाळून अंगाला खाज सुटते, कानात वाळू राहते, पण तो वास गेला नाही. अर्धा किलो बोंबील डिकीत, बुंदी मागच्या सीटवर, सगळ्या काचा उघड्या ठेवून ताम्हिणी चढलो. हिला घाटात उलटी होते म्हणून निघायच्या चार तास आधीपासून खायला दिलं नव्हतं, ते एक यंदा जमलं.

रविवारी गाडी धुवायला दिली. मुलाने दार उघडलं, एक पाऊल मागे गेला आणि फार अदबीने विचारलं, "मॅडम, मासळीची डिलिव्हरी करता का?"