गाडी ठरली आठवड्यात, किंमत कळायला दीड महिना

आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला राहतो. रोज ऑफिसला नेता येईल, पण चालवताना मजाही येईल अशी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, गाडी मला हवी होती. हिवाळ्यात शनिवारी आम्ही आय-70 महामार्गाने डोंगरात जातो. त्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा 11 हजार फुटांच्या वर आहे. एवढ्या उंचीवर विरळ हवेत साधं इंजिन धापा टाकतं, म्हणून इंजिनात हवा दाबून भरणारं टर्बो हवंच होतं. 2023 च्या ऑक्टोबरात तीन नावं उरली: सुबारू डब्ल्यूआरएक्स, फोक्सवॅगन गोल्फ आर आणि टोयोटा जीआर कोरोला.

आईबाबा तेव्हा साताऱ्याहून आलेले होते, त्यांनाही मागे बसवूनच गाड्या पाहिल्या. जीआर कोरोलाचं 1.6 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन 300 हॉर्सपॉवर देतं, आणि चालवायला तीच सगळ्यात खट्याळ. पण बाबांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले, तिथेच ती बाद झाली. गोल्फ आर तेव्हा 315 हॉर्सपॉवरची होती. वळणावर मागच्या दोन चाकांत ताकद अशी वाटून देते की गाडी आपणहून आत वळते. आतून ती तिघींत उजवी. पण एसीचं तापमान बोट सरकवून बदलायचं, हातमोजे घातले की ते जमत नाही. शिवाय डब्ल्यूआरएक्सपेक्षा दहा हजार डॉलरच्या वर महाग. डब्ल्यूआरएक्सची ताकद 271, सगळ्यात कमी; पण मॅन्युअल गिअर, पुढे-मागे निम्मी निम्मी ताकद, आणि बाबा मागे ऐसपैस बसले. चाकांवरचं काळं प्लास्टिक बायकोला अजिबात आवडलं नाही. मला ते दोन दिवसांत दिसेनासं झालं.

निवड संपली, आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला.

इथे या तिन्ही कंपन्या गाडी थेट विकत नाहीत. डीलर हा स्वतंत्र धंदा आहे आणि शेवटची किंमत तो ठरवतो. काचेवर 1958 च्या कायद्याने बंधनकारक असलेलं छापील किमतीचं लेबल असतं. मी गेलो त्या डीलरकडे त्याच्या शेजारी दुसरा कागद चिकटवलेला होता: ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ (मागणी जास्त म्हणून डीलरने वर लावलेली रक्कम), रंगाचं कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन. मी विचारलं, सगळं धरून एकूण किती? उत्तर आलं, “महिन्याला किती हप्ता झेपेल?” मी पुन्हा एकूण विचारलं. विक्रेता मॅनेजरला विचारायला गेला. वीस मिनिटांनी आला तो हप्त्याचाच नवा आकडा घेऊन. असे तीन शनिवार गेले. कोलोरॅडोत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे नोकरदार माणसाच्या हातात शनिवारच उरतो.

तिसऱ्या शनिवारी आकडा ठरला, हस्तांदोलन झालं. मग फायनान्सच्या खोलीत सहीसाठी कागद पुढे आला, त्यात काढून टाकलेलं कोटिंग परत होतं आणि न मागितलेली वाढीव वॉरंटीही. मी बोट ठेवलं तर म्हणे, “हे सगळेच घेतात.” चार तास बसून अंग आंबलं होतं, आई घरी जेवायची थांबली होती. सही करून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं, हे खरं आहे. पण उठलो. आजही त्या उठण्याचा मला अभिमान आहे. डीलरच्या जागेत जाऊन सही केली की तीन दिवसांत गाडी परत करण्याचा हक्क वगैरे काही नसतो. बरेच जण त्या समजुतीवर सही करतात.

सोमवारी दोन-अडीच तासांच्या टप्प्यातल्या सगळ्या डीलरांना एकच ईमेल केला: अमुक रंग, मॅन्युअल, टॅक्स आणि फी धरून ‘आउट द डोअर’ किंमत लेखी कळवा, सोबत गाडीचा व्हीआयएन, म्हणजे त्या एकाच गाडीचा ओळख क्रमांक. चौघांनी ‘या, बसून बोलू’ म्हटलं. त्यांना मी सोडलं. एकाने तासाभरात ओळीओळीने मांडलेला कागद पाठवला, टॅक्स आणि फी सोडता छापील किमतीच्या वर एक छदामही नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर त्याच्याकडून गाडी घेतली. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली.

विम्याचं सांगायचं राहिलं. तिन्ही गाड्यांचे हप्ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मी शेवटी विचारले, आणि फरक वर्षाला चांगलाच निघाला.

आणि टायर. मी पाहिलेल्या तिन्ही गाड्या उन्हाळी टायरवर उभ्या होत्या. थंडीत ते रबर कडक होतं, आणि ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी जागची निघते, पण थांबायला त्याची मदत होत नाही. ब्रेक टायरच्याच जिवावर लागतो. हिवाळी टायरचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. बदलाल तर चारही एकदम, एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले. घेरात फरक पडला तर मधल्या डिफरन्शियलवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, ताण येतो. मी गाडी घरी आणली त्याच आठवड्यात चारही बदलले. पुढच्या शनिवारी बर्फात बोगद्याच्या चढावर बाबा मागून म्हणाले, “खंबाटकीत पावसात जीप न्यायचो, तेव्हा हे असं असतं तर!”