पाम स्प्रिंग्जच्या गाण्याच्या जागा : नकाशा कुठवर आलाय

नकाशाचा पायाचा कागद मागच्या नोंदीच्या वेळी पूर्ण झाला होता. आता त्यावर ट्रेसिंग पेपरचे थर चढू लागलेत. हॉटेलांचा थर झाला, नाइटक्लबांचा झाला, गावाबाहेरच्या जागांचा पेन्सिलीत आहे. जमिनीच्या मालकीचा थर या महिन्यात हातात घेतला आणि त्याने आधीच्या सगळ्या थरांचा अर्थच बदलून टाकला. त्यामुळे ही नोंद जरा लांबेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाम स्प्रिंग्ज हे कॅलिफोर्नियातलं वाळवंटी गाव, लॉस एंजेलिसपासून गाडीने दोनेक तासांवर, सॅन हसिंटो डोंगराच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, हिवाळा मात्र स्वच्छ आणि उबदार. हॉलिवूडची मंडळी १९२० आणि ३०च्या दशकांत इथे हवापालटाला यायला लागली आणि त्यांच्यामागून वाद्यवृंद, गायक, क्लब आले. त्या गाण्याच्या जागा नेमक्या कुठे होत्या, किती काळ टिकल्या आणि का बंद पडल्या, हे कागदावर आणायचं हा माझा छंद. जुनी पोस्टकार्डं, आगकाड्यांच्या पाकिटांची वेष्टणं, मेन्यूकार्डं आणि क्लबमध्ये काढून पुठ्ठ्याच्या फोल्डरात घालून विकले जाणारे फोटो हे माझं साहित्य.

कार्डाचा काळ कसा ओळखायचा, हे आपल्यातले बरेच जण विचारतात. पृष्ठभागाला कापडासारखी वीण असेल तर कार्ड साधारण १९३० ते ५०च्या सुरुवातीचं. गुळगुळीत, चकचकीत रंगीत फोटो असेल तर बहुधा त्यानंतरचं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर ते १९६३नंतर छापलंय, यात शंका नको. काड्यांच्या पाकिटाला घासायची पट्टी पुढच्या बाजूला असेल तर ते सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीचं. पुढे अमेरिकेत सुरक्षेच्या नियमाने ती पट्टी मागे गेली. टपालाचा शिक्का वाचता आला तर त्यातलं वर्षच नाही, महिनाही लिहून ठेवा. तो महिना पुढे फार उपयोगी पडतो.

माझ्याकडची शिक्क्याची कार्डं मी महिन्यांप्रमाणे लावली, तर बहुतेक सगळी नोव्हेंबर ते एप्रिलमधली निघाली. हे गाव हंगामी होतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि टेबलावर कार्डांच्या गठ्ठ्यात दिसणं वेगळं. युद्धापूर्वी इथली मोठी हॉटेलं उन्हाळ्यात चक्क बंद असत. आपल्याकडे तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तसाच इथल्या वाद्यवृंदांचा हिशेब. फक्त तिकडे पाऊस थांबवतो, इथे ऊन. क्लब चालवणाऱ्याला बारा महिन्यांचं भाडं सहा-सात महिन्यांत काढायचं असे. त्यामुळे तो मोठं नाव आणायचा, महाग ताट लावायचा, आणि एक हंगाम वाईट गेला की बुडायचा.

पहिला थर हॉटेलांचा. नेली कॉफमन यांनी १९०९मध्ये डेझर्ट इन सुरू केलं ते क्षयाच्या आणि दम्याच्या रुग्णांना कोरडी हवा मिळावी म्हणून. पुढे तेच श्रीमंतांचं हॉटेल झालं. एल मिरादोर १९२७च्या ३१ डिसेंबरला उघडलं, त्याचा रंगीत फरशांचा मनोरा दुरून दिसायचा. या काळात गाणं म्हणजे जेवणाच्या दालनातलं आणि नाचाच्या फरशीवरचं गाणं. तिकीट काढून ऐकायला कुणी येत नसे, हॉटेलात उतरलेले लोकच श्रोते. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने एल मिरादोर घेऊन तिथे टॉर्नी जनरल हॉस्पिटल केलं. आजही त्या जागी रुग्णालयच आहे. मूळ मनोरा १९८९मध्ये जळाला, आता दिसतो तो नंतर पुन्हा बांधलेला. आरोग्यासाठी सुरू झालेलं डेझर्ट इन ऐषआरामाकडे गेलं आणि ऐषआरामाचं एल मिरादोर आरोग्याकडे, ही अदलाबदल मला या नकाशातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

नाइटक्लबांच्या थरावर पहिला मान ची चीचा. नॉर्थ पाम कॅन्यन ड्राइव्हवरची ही जागा तीसच्या दशकात साध्या खाण्याच्या ठिकाणापासून वाढत गेली. अर्विन शूमन हा तिचा कर्ता माणूस. पुढे त्यात स्टारलाइट रूम हे मोठं दालन झालं आणि पन्नासच्या दशकात नॅट किंग कोल, लीना हॉर्न, पेगी ली, लुई आर्मस्ट्राँग, डेझी अर्नाझ अशी नावं तिथे झळकली. घरचा वाद्यवृंद बिल अलेक्झांडर यांचा. ज्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या सभागृहांत गाणी म्हटली त्यांना इथे ताटांच्या खणखणाटात, हातभर अंतरावरून ऐकता येत होतं. ची चीची काड्यांची पाकिटं अजूनही बऱ्यापैकी मिळतात, कारण लोक ती खास आठवण म्हणून घरी नेत. फोटोचे फोल्डर मात्र जपून घ्या. पुठ्ठा खरा आणि आतला फोटो दुसऱ्याच क्लबचा, असं पुष्कळदा आढळतं. मागच्या भिंतीची सजावट आणि टेबलावरचा दिवा ताडून पाहिल्याशिवाय मी कुठलाही फोटो ची चीच्या रकान्यात टाकत नाही.

ची ची का संपलं, याचं उत्तर गावात सापडत नाही, ते लास व्हेगासमध्ये सापडतं. व्हेगासमध्ये जुगार कायदेशीर. तिथला मालक गायकाला भरमसाट पैसे देऊ शकत होता, कारण ते पैसे जुगाराच्या टेबलांवरून परत येत. पाम स्प्रिंग्जमध्ये ती सोय नव्हती. गावाच्या हद्दीबाहेर, कथीड्रल सिटीच्या बाजूला ड्यून्ससारखे चोरून जुगार चालवणारे क्लब तीसच्या दशकात होते, तिथे वाद्यवृंद आणि उत्तम जेवणही होतं, पण ते धाडींच्या सावलीतले. जेवण आणि दारूच्या बिलावर मोठ्या गायकाचं मानधन भागवायचं, हे गणित साठच्या दशकात जमेनासं झालं. शूमनने १९५९मध्ये इथेच रिव्हिएरा हॉटेल उभं केलं, म्हणजे त्याला वाऱ्याची दिशा कळली होती. ची ची साठच्या दशकात बंद पडलं आणि पुढे इमारतही गेली. आज त्या फुटपाथवर उभं राहिलं तर तिथे काय होतं याची काहीही खूण दिसत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्या आवाजांच्या जागेला एक पाटी तरी असायला हवी.

प्लाझा थिएटरवर मी या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ घालवला. १२ डिसेंबर १९३६ला ते उघडलं, ग्रेटा गार्बोच्या 'कमील'च्या खास खेळाने. म्हणजे मूळचं ते चित्रपटगृह. ओहायोतल्या डेटन शहराच्या ज्युलिया कार्नेल यांनी ला प्लाझा हे दुकानांचं संकुल बांधलं, गाडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार करून, आणि हे थिएटर त्याचाच भाग. वास्तुविशारद हॅरी विल्यम्स. गायक फ्रँक सिनात्राचं १९४७चं ट्विन पाम्स हे घर ज्यांनी आखलं त्या ई. स्ट्युअर्ट विल्यम्स यांचे वडील. आत शिरलं की दोन्ही बाजूंना स्पॅनिश खेड्यातल्या भिंती आणि वर चांदण्या लुकलुकणारं छत. बाहेर खरं चांदणं असताना आत दिव्यांचं चांदणं लावायचं, हे उगीच वाटेल, पण भर दुपारच्या खेळाला आलेल्या माणसासाठी तो केवढा गारवा असेल. विनोदी नट जॅक बेनीच्या रेडिओ कार्यक्रमांचं प्रक्षेपण इथून झालं. म्हणजे प्रेक्षागृहात काही शे माणसं आणि ऐकणारा सगळा देश.

प्लाझाचं दुसरं आयुष्य मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१४पर्यंत तिथे फॅब्युलस पाम स्प्रिंग्ज फॉलीज चालला. रिफ मार्कोविट्झ यांचा हा गाण्या-नाचाचा खेळ, आणि कलाकार सगळे पंचावन्नच्या पुढचे. तरुणपणी क्लबांत नाचलेल्या बायका सत्तरीत पुन्हा पिसं लावून रंगमंचावर येत होत्या. ची चीसारख्या जागा पाडल्या गेल्या, पण त्या जागांतली पावलं या माणसांच्या अंगात शिल्लक होती. मला तरी फॉलीज म्हणजे गेलेल्या क्लबांचं जिवंत संग्रहालय वाटतं, आणि माझ्या नकाशात प्लाझावर म्हणूनच दोन रंगांची वर्तुळं आहेत.

आता जमिनीचा थर. रेल्वे आली तेव्हा सरकारने या खोऱ्याचे एकेक चौरस मैलाचे चौकोन पाडले. विषम क्रमांकाचे रेल्वेला गेले, सम क्रमांकांतले पुष्कळसे पुढे आग्वा कालिएंते कवीया या इथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव क्षेत्रात आले. बुद्धिबळाच्या पटासारखी वाटणी. हा कागद नाइटक्लबांच्या थरावर ठेवला आणि मी बराच वेळ नुसता बघत बसलो. डेझर्ट इन, प्लाझा, ची ची, सगळे पंधराव्या चौकोनात. इंडियन कॅन्यन ड्राइव्ह ओलांडली की चौदावा चौकोन सुरू होतो, आणि त्यात पन्नासच्या दशकापर्यंत माझ्या हाती एकही वर्तुळ येत नाही. गरम पाण्याचा मूळ झरा, ज्यावरून या गावाला नाव मिळालं, तो याच चौकोनात. पण कवीयांच्या जमिनीवर लांब मुदतीचा भाडेपट्टा करायला कायद्याने मनाई होती. नव्याण्णव वर्षांचा पट्टा शक्य झाला तो १९५९मध्ये. थोड्या वर्षांच्या भरवशावर क्लबची पक्की इमारत कोण बांधणार?

त्या रिकाम्या दिसणाऱ्या चौकोनात माणसं मात्र राहत होती. हॉटेलांत स्वयंपाक करणारी, खोल्या झाडणारी, बांधकामावर राबणारी कवीया, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबं. पन्नास-साठच्या दशकांत त्यांना तिथून हुसकावलं गेलं, घरं पाडली, जाळली. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने १९६८च्या अहवालात शहरावर अतिशय कठोर शब्दांत ठपका ठेवला, आणि २०२४मध्ये शहराने ५९ लाख डॉलरच्या तडजोडीला मंजुरी दिली. क्लबांच्या झगमगत्या फोटोंबरोबर हे लिहिलं नाही तर नकाशा खोटा ठरेल. म्हणून चौदाव्या चौकोनात घरांसाठी मी वेगळी, करड्या रंगाची खूण ठेवली आहे.

कवीयांची पक्षीगीतं या सगळ्याच्या कितीतरी आधीची. भोपळ्याच्या खुळखुळ्याच्या ठेक्यावर रात्रभर चालणारी गीतांची माळ, त्यात लोकांच्या स्थलांतराची कथा. ती आजही गायली जातात. त्यांना इमारत लागत नाही, म्हणून वर्तुळही काढलेलं नाही. नकाशाच्या समासात, सगळ्या चौकोनांच्या बाहेर, त्यांचं नाव लिहिलं आहे. त्याच लोकांनी पुढे स्वतःच्या जमिनीवर कॅसिनो उभे केले आणि रँचो मिराजमधल्या त्यांच्या कॅसिनोत २००९पासून द शो हे मोठं सभागृह चालतं. व्हेगासने जे गणित ची चीकडून हिरावलं, तेच गणित जमिनीच्या मूळ मालकांनी खोऱ्यात परत आणलं.

गावाबाहेरचा थर अजून कच्चा आहे, त्यामुळे त्यावर धावती नजर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या तरुण पोरांना वाजवायला जागाच नव्हती. त्यांनी जनरेटर उचलला आणि वाळवंटात नेला. कायसससारखे बँड तिथेच घडले. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जजवळच्या एका ओसाड वसाहतीतला कोरडा पोहण्याचा तलाव ही त्यांची एक ठरलेली जागा. वर पायोनियरटाउनमध्ये, १९४६मध्ये काउबॉय चित्रपटांसाठी वसवलेल्या गावात, पॅपी अँड हॅरिएट्स हे खाण्या-गाण्याचं ठिकाण १९८२पासून आहे. २०१६मध्ये पॉल मॅकार्टनी तिथे जेमतेम तीनशे लोकांसमोर गायला, त्याच महिन्यात खाली इंडिओच्या पोलो मैदानावर तो प्रचंड गर्दीपुढे गात होता. त्या मैदानावर गाण्याची सुरुवात १९९३च्या पर्ल जॅमच्या कार्यक्रमाने झाली. तिकीट विकणाऱ्या कंपनीशी वाद असल्याने बँडला तिच्या ताब्यात नसलेली जागा हवी होती. कोचेला हा संगीत महोत्सव तिथे पहिल्यांदा भरला तो ऑक्टोबर १९९९मध्ये, भाजून काढणाऱ्या उन्हात, आणि मोठ्या तोट्यात गेला. २००१पासून तो एप्रिलमध्ये भरतो. पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याने मला जो हंगाम दाखवला, त्याच हंगामात तोही येऊन बसला.

डिसेंबर २०२२मध्ये पाम डेझर्टजवळ उघडलेलं ॲक्रिशर अरीना मात्र बंदिस्त आणि थंडगार, सुमारे ११ हजार माणसांचं. ते आधी पाम स्प्रिंग्जच्या मध्यवस्तीत, चौदाव्या चौकोनात बांधायचं ठरत होतं. बोलणी फिसकटली आणि ते खोऱ्यात पुढे सरकलं. माझ्या कागदावर मी त्याची दोन वर्तुळं काढतोय, एक ठिपक्यांचं आणि एक भरीव.

पुढचं काम ठरलेलं आहे. पर्पल रूमची आणि मेल्व्हिन्सची पानं जुळवायची, कारण १९६०ची पर्पल रूम आणि १९७५चं मेल्व्हिन्स या दोन्ही ठिकाणी आजही पियानोजवळ बसून गाणं ऐकता येतं. आणि एक विनंती. पाम स्प्रिंग्जच्या कुठल्याही क्लबचं, जून ते सप्टेंबरमधला शिक्का असलेलं, १९५५च्या आधीचं कार्ड कुणाच्या संग्रहात असेल तर दोन्ही बाजूंचं स्कॅन पाठवा, सहाशे डीपीआयला, शिक्का वाचता येईल असं. उन्हाळ्यात दार उघडं ठेवणारा पहिला क्लब कोणता, तो रकाना माझ्या तक्त्यात अजून कोरा आहे.