दाखला काढला

काढला आज दोन्ही मुलांचा शाळेतून दाखला. अर्जात ‘कारण’ लिहायचं होतं, मी लिहिलं ‘घरी शिकवणार’. बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "काहून मॅडम, बदली झाली का?" शेवटी त्यांनीच ते खोडून ‘पालकांची इच्छा’ केलं.

सरकारी शाळेवर राग नाही, मी स्वतः तिथलीच. पण एका खोलीत दोन वर्ग, बाई अर्धा वेळ कागदांत, आणि चौथीतली लेक रोज सकाळी पोट धरून बसायची. रविवारी मात्र हे पोट कधीच दुखलं नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, तो वाचलाय. पुढे १४ पूर्ण झाली की मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसता येतं. सासूबाईंना दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "अन् डबा कोणाला देशील?"

येताना फुटाळा तलावावर थांबलो. भाजलेल्या कणसाच्या ओळी धाकट्यानं बोट काळं होईस्तोवर मोजल्या: १६. ताईच्या कणसाला १४.

"आई, १५ का नाही?"

मला नाही सांगता आलं. उद्या बाजारातून आणखी चार कणसं आणायची आहेत.