एल्कसाठी हलकं काडतूस: फ्लॅट टॉप्सच्या ५ दिवसांचा वृत्तांत

ऑक्टोबरात कोलोरॅडोमधे फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाऊन आलो. पहिला रायफल सीझन, ५ दिवसांचा, फक्त ड्रॉवर (लॉटरीने) मिळणारा, मादीचं टॅग, म्हणजे एक मादी मारायचा परवाना, लागलं होतं. यावेळी ७ एमएम-०८ या हलक्या काडतुसाची रायफल घेऊन गेलो आणि निघायच्या आधी निदान दहा जणांनी विचारलं की अरे एवढ्याशा काडतुसाने एल्क पडतो का, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांना खांद्याचा त्रास आहे किंवा जे पहिल्यांदाच मोठ्या जनावराला जातायत त्यांना उपयोग होईल.

आधी आदल्या वर्षीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तेव्हा माझ्याकडे .३०० विन मॅग होती, म्हणजे जास्त दारूच्या, ताकदवान 'मॅग्नम' काडतुसाची रायफल. एल्क म्हणजे मॅग्नमच पाहिजे, हे इतक्या वेळा ऐकलं होतं की दुसरा विचारच केला नाही. रायफल हलकी, स्कोपसकट जेमतेम साडेसात पाउंड, गोळी १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि दणका असा की रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) १२-१५ राउंड झाले की खांदा लाल. एकदा चढावर बसून बार टाकताना स्कोपची कड भुवईवर आदळली, रक्त आलं, आणि त्यानंतर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले, जे मला स्वतःला कळतही नव्हतं. सीझनमधे १८० यार्डांवर मादी आडवी उभी, मला काठ्यांचा पक्का आधार, आणि गोळी गेली तिच्या पोटाखालच्या बर्फात. दोन तास आम्ही पावलांच्या मागे रक्त शोधलं, एक थेंब नाही, म्हणजे लागली नाही हे नक्की झालं तेव्हा जीव भांड्यात पडला. पण रात्री झोप लागेना, कारण तीच गोळी सहा इंच वर गेली असती तर पोटात बसली असती आणि ते जनावर दोन दिवस कुठेतरी तडफडत मेलं असतं.

माझ्याबरोबर असतात त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, गेली पंचवीसएक वर्षं एल्क करतायत. परत आल्यावर त्यांनी मला रेंजवर नेलं आणि म्हणाले, रायफल मी भरून देणार, तू बघायचं नाहीस. कधी खरा राउंड, कधी डमी, म्हणजे दारू नसलेला. पहिले दोन बार झाले, तिसऱ्याला मी चाप ओढला आणि नुसतं 'टक' झालं. बार झालाच नाही, पण नळी मात्र चार बोटं खाली गेली होती आणि खांदा पुढे आला होता. मामा एवढंच म्हणाले, "बघितलंस? गोळी सुटायच्या आधीच तू तिला खाली ढकलतोयस." हा प्रयोग प्रत्येकाने करावा, अगदी स्वतःला दणक्याचं काही वाटत नाही म्हणणाऱ्यानेही. बार झाला की दणक्यात सगळं झाकलं जातं, डमीवर काहीच झाकलं जात नाही.

मग काडतूस बदलायचं ठरलं. मित्रांच्या रायफली मागून .३०८, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ अशा तिन्ही चालवल्या. हिशोब सरळ आहे, आठ पाउंडाच्या रायफलीत .३०० विन मॅगचा दणका साधारण २५-२६ फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप) येतो आणि १४० ग्रेनच्या ७ एमएम-०८ चा साधारण १३, म्हणजे निम्मा. पण एक लक्षात ठेवा, दणका फक्त काडतुसावर नसतो, रायफलीच्या वजनावरही असतो. तेच काडतूस सहा पाउंडाच्या माउंटन रायफलीत घातलं की १३ चे १७ होतात. डोंगर चढायचाय म्हणून अगदी पिसासारखी रायफल घेतली की हलकं काडतूस घेतल्याचा बराचसा फायदा तिथेच गेला. दस्त्याची लांबी आपल्या हाताच्या मापाची आहे का तेही बघा, लांब दस्ता आणि जाड जॅकेट असं जमलं की पॅड खांद्यावर नीट बसत नाही आणि मग लहान काडतूसही टोचतं. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावर बसवायचा, वायू बाजूला सोडणारा तुकडा) दणका खूप कमी होतो हे खरं, पण आवाज भयंकर वाढतो, शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाचं नुकसान होतं, म्हणून मी तो रस्ता घेतला नाही.

६.५ क्रीडमूरचा दणका आणखी जरासा कमी वाटला आणि तीही चालली असती. मी ७ एमएम-०८ घेतली कारण गोळी थोडी जाड आणि मला त्या विशिष्ट रायफलीचा दस्ता हातात बसला. रेंजवर एकजण म्हणाला की हे बायका-पोरांचं काडतूस आहे, तेव्हा मला खरंच राग आला. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चं केस (काडतुसाचं पितळी कवच) ७ एमएमच्या गोळीसाठी तोंडाशी आवळलेलं, आणि ताकदीने १८९२ च्या ७ बाय ५७ माउझरच्या जवळपास, थोडं पुढेच. ते ७ बाय ५७ म्हणजेच इंग्रजांचं .२७५ रिग्बी, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मधे जिम कॉर्बेटना जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच. स्वीडन-नॉर्वेत तर ६.५ बाय ५५ या आणखी बारीक गोळीच्या काडतुसाने शंभर वर्षांहून जास्त काळ मूस मारले जातायत, आणि मूस एल्कपेक्षा मोठा.

पण या सगळ्यात खरं काम गोळी करते, काडतुसावरचं नाव नाही. १९४६ साली जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसवर .३०० एच अँड एच मॅग्नम चालवत होते, मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, आणि गोळ्या वरच्या वर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा अखंड राहून आत घुसतो. मॅग्नम असून गोळी चुकीची तर हे होतं. म्हणून हलकं काडतूस घेणाऱ्याने पार्टिशन, बाँडेड (आतलं शिसं आवरणाला जोडलेली) किंवा अखंड तांब्याची गोळीच घ्यावी, पातळ जॅकेटची (बाहेरच्या आवरणाची) स्वस्त गोळी कागदावर भोकं पाडायला ठेवावी. मी १४० ग्रेनची पार्टिशन घेतली. नळीतून साधारण २८०० फूट प्रति सेकंद, ३०० यार्डांवर साधारण १५५० फूट-पाउंड ताकद शिल्लक. २०० यार्डांवर झीरो केलं, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी लागेल असा स्कोप लावला, की ३०० ला ७-८ इंच खाली जाते. मी माझी हद्द २५० ठरवली आणि ती वहीत लिहून ठेवली, कारण जनावर समोर आलं की माणूस स्वतःशीच घासाघीस करायला लागतो.

उन्हाळ्यात दोनशेच्या आसपास राउंड मारले. .३०० ने एवढे मारणं मला कधीच जमलं नसतं, खांद्यानेच नकार दिला असता. बेंचवरून फक्त झीरो करण्यापुरते, बाकी सगळे बसून, गुडघ्यावर, पिशवीवर टेकून, आणि पन्नास पावलं पळत जाऊन धाप लागलेली असताना. घरी रोज रात्री दहा मिनिटं रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता प्रत्यक्ष ट्रिप. आम्ही ट्रॅपर्स लेकच्या बाजूने चढलो, तळंच साडेनऊ हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळे दोन दिवस आधी पोचून नुसतं हिंडलो आणि पाणी पीत राहिलो. ते चुकवू नका, पहिल्या दिवशी जिना चढतानासुद्धा डोकं धरतं. १९१९ मधे आर्थर कारहार्ट नावाच्या माणसाला या तळ्याभोवती बंगल्यांसाठी प्लॉट आखायला पाठवलं होतं आणि त्याने वर कळवलं की इथे काहीच बांधू नका. तळ्याकाठी संध्याकाळी उभं राहिलं की त्याचे आभार मानावेसे वाटतात. २००२ च्या वणव्यात जळालेली झाडं अजून कुठे उभी, कुठे आडवी पडलेली आहेत, वारा सुटला की उभ्या खोडांखाली थांबू नका आणि तंबू तर मुळीच लावू नका.

पहिले दोन दिवस नुसत्या लेंड्या आणि पावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी २३० यार्डांवर एक मादी एकटीच झाडीबाहेर आली, पण तोंड माझ्याकडे, अंग तिरकं, आणि वारा आडवा वाहत होता. अंतर माझ्या हद्दीत होतं. पण त्या कोनात गोळीला खांद्याचं हाड फोडून पुढे फुप्फुसापर्यंत जायला लागतं, आणि वाऱ्याने चारेक इंच सरकली तर काहीच धड होत नाही. स्कोपमधे दीड-दोन मिनिटं तिला बघत राहिलो, ती वळलीच नाही, परत झाडीत गेली. मोठं काडतूस असतं तर? मामांना विचारलं, ते म्हणाले त्यांच्या मॅग्नमनेही त्यांनी ती घेतली नसती. मला तेवढं खात्रीने सांगता येत नाही, पण हलकं काडतूस घेताना असे काही बार सोडून द्यावे लागणार हे आधीच मान्य करून जावं लागतं.

चौथ्या दिवशी सकाळी सात मादी एका ओढ्याच्या पलीकडे चरत होत्या. रेंजफाइंडरवर १६८. मी पिशवीवर रायफल टेकवून पालथा झालो. सगळ्यात डावीकडची आडवी उभी होती पण तिच्या बरोबर मागे दुसरी, आणि पार्टिशन आरपार जाऊ शकते, म्हणून थांबलो. मागची चार पावलं पुढे सरकली. पुढच्या पायाच्या मागची रेघ धरली, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर, श्वास सोडला, चाप ओढला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच बार स्कोपमधून दिसला, केस उडाले, कातडी थरथरली, ती पाठीने कुबड काढल्यासारखी वाकली. बोल्ट ओढून दुसरा राउंड आत जाईपर्यंत ती माझ्या स्कोपमधेच होती. .३०० ने त्या क्षणाला मला फक्त आकाश दिसायचं. ती चाळीसेक यार्ड चालली, डगमगली आणि बसली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडे निघाली होती. तरी आम्ही अर्धा तास थांबून मगच जवळ गेलो, तुम्हीही थांबाच.

पुढचं काम मोठं आहे, त्याची तयारी न करता येऊ नका. वाइल्डरनेस (संरक्षित रान) हद्दीत गाडी तर नाहीच, चाकाची हातगाडीही चालत नाही. चार तंगड्या, पाठीची दोन्ही पट्ट्यांची मांसं आणि आतली कोवळी पट्टी, हे सगळं बाहेर काढणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मादी असल्याचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, सोलताना घाईत तो कापू नका. आम्हा दोघांच्या चार-चार फेऱ्या झाल्या, दीड दिवस गेला.

नियमांचं थोडक्यात. एल्कला कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर, फुलणारी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ताकद लागते, म्हणजे ७ एमएम-०८ आरामात बसतं. अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि तसलीच टोपी. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, ते आधीच काढा. गाडीत रायफलीच्या चेंबरमधे राउंड नको. जे एच-वन-बी सारख्या व्हिसावर आहेत त्यांनी नीट वाचा, अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स असलं तर अपवाद मिळतो, म्हणून लायसन्स आधी आणि रेंजवर बंदूक हातात नंतर. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नाही.

शेवटचं, ७ एमएम-०८ ची काडतुसं डोंगराखालच्या छोट्या गावात मिळतीलच असं धरू नका, .३०८ आणि .३०० मिळतात. एकाच लॉटचे (कारखान्यात एकाच खेपेला बनलेले) दोन डबे घ्या, त्याच लॉटवर झीरो करा, आणि एक डबा आपल्या पिशवीत, एक सोबत्याच्या पिशवीत ठेवा. विमानाने किंवा खड्ड्यांच्या रस्त्याने आला असाल तर तिथे पोचल्यावर तीन राउंड टाकून झीरो परत तपासा. आमचं यावेळी दीड इंच उजवीकडे सरकलेलं निघालं.