कमान नको, चर मोकळे ठेवायला पैसे द्या

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, गाविलगडच्या डोंगराला अगदी टेकून. गावामागच्या सोंडेवरून वरच्या पठारापर्यंत तीन-साडेतीन किलोमीटरची पायवाट जाते. मूळची ती गुरांची. सामूहिक वनहक्क, म्हणजे आसपासचं जंगल सांभाळायचा आणि वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाल्यावर ग्रामसभेच्या समितीनं फिरायला येणाऱ्यांसाठी ती नीट करायला घेतली. आता रविवारी परतवाडा-अमरावतीहून माणसं येतात, शाळांच्या सहली येतात, आणि पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली पोरं-पोरी तिच्यावर धावतात. मैदानी चाचणीत मुलींना ८०० आणि मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. चढावर दम कमावला की सपाटीवर त्रास होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बचत गटाचे हिशेब लिहिते, म्हणून वाटेची कीर्दही माझ्याकडे आली. श्रमदानाला तर जातेच.

मागच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी नागपूरच्या एका कंपनीचे साहेब दहा वाजता येणार होते. वाटेच्या पायथ्याशी कंपनीच्या नावाची स्वागत कमान बांधून द्यायची त्यांची तयारी होती. दोन लाखांपर्यंत खर्च करू, असा फोन आला होता. समितीत आनंदीआनंद होता. अध्यक्ष काकांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "ताई, वही घेऊन थांबा, साहेबांनी हिशेब मांगला त आपल्यापाशी पाह्यजे."

शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी सहाच्या सुमारास शेजारची भरतीवाली पोरगी धापा टाकत दारात उभी. "काकू, तिसऱ्या वळणावर वाटच नाही राह्यली. मी पडतच होती."

सब्बल, पावडे, घमेले घेऊन गटातल्या बाया आणि समितीतले काही गडी वर गेलो. तिसऱ्या वळणाच्या वर उन्हाळ्यात आम्ही वाटेत आडव्या दगडांच्या ओळी बसवल्या होत्या. ही ओळ तिरपी असते. वरून वाटेनं धावत आलेलं पाणी तिला अडून उताराच्या अंगाला निघून जावं, एवढंच तिचं काम. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी सागाची सुपाएवढी पानं आडवी बसली होती. त्यांच्यावर मुरूम साचला, तोंड बुजलं, पाणी ओळीवरून उलटलं आणि वाटेच्या मधोमध खाली धावलं. गुडघाभर खोल घळ पडलेली. खालच्या वळणावर मुरुमाचा ढीग, आणि कडेच्या ऐनाची मुळं पार उघडी. ज्या ओळींची तोंडं मोकळी होती तिथली वाट मात्र जशीच्या तशी होती. बोट ठेवून दाखवता येईल इतका तो फरक स्पष्ट होता.

माझं माहेर वरुड तालुक्यातलं. पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांतला तो एक. माहेरी चर खोदताना मी ए-फ्रेम, म्हणजे समपातळी रेषा आखायची लाकडी चौकट, धरायला शिकले. तिथली सगळी शिकवण पाणी अडवायची, जिरवायची. पायवाटेवर काम वेगळं. पाणी वाटेवर थांबू द्यायचं नाही आणि वाटेनं धावूही द्यायचं नाही. ते आडवं ओलांडून पलीकडे गेलं पाहिजे. म्हणून वाट उताराच्या अंगाला किंचित कलती ठेवायची. चढ जितका उभा, तितक्या ओळी जवळजवळ घ्यायच्या. दगड मोठा आणि चपटा, दोन हिस्से जमिनीत आणि एक वर. नुसता वरून ठेवलेला दगड माणसाच्या पायानंच हलतो. आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तोंडं मोकळी करायची. एका ओळीला दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं पुढच्या पावसाआधीच द्यावी लागतात. हे रोजगार हमीतून करा, असं पुष्कळ जण सुचवतात. चर, बांध, दगडी नाला यांसारखी कामं त्यातून होतात आणि व्हायलाही हवीत. पण तोंडातली पानं काढायच्या कामाचं अंदाजपत्रक कोण करणार आणि मोजमाप कसं घेणार?

घळीत दगड भरून वर मुरूम दाबत होतो तेवढ्यात खालून निरोप आला, साहेब आले. मी काकांना फोन केला, "त्यांना वरच घेऊन या." काकांना ते पटलं नाही. पाहुण्यांना चिखलात कुठं न्यायचं, असं त्यांना वाटत होतं. पण साहेब स्वतःच निघाले. चढताना त्यांनी गाविलगडाची चौकशी केली, कमानीवर इतिहास लिहिता येईल म्हणाले. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो किल्ला घेतला. त्यासाठी जड तोफा या डोंगरांतून ओढून न्यायच्या होत्या, आणि फौजेला आधी स्वतःच रस्ते करावे लागले. मला त्या लढाईत तोफांपेक्षा रस्ते करणारी माणसंच जास्त दिसतात. तसं मी त्यांना सांगितलंही.

घळीपाशी आल्यावर साहेब बराच वेळ बघत राहिले. एक बाई सब्बलीनं दगड रेटत होती, दुसरी त्याच्या बुडाशी खडे ठोकत होती. त्यांनी विचारलं, "याला वर्षाला किती लागतात?" मी चिखलाचे हात पदराला पुसून वही उघडली. लोहाराकडून सब्बल-कुदळींना धार लावणं, मोडलेले दांडे, हातमोजे, औषधपेटी, श्रमदानाच्या दिवशीचा चहा-पोहा, आणि मजुरी बुडवून येणाऱ्यांना अर्ध्या दिवसाचा मोबदला. सगळं मिळूनही कमानीच्या खर्चापुढे ती रक्कम फार लहान. समोरच्या पानावर देणग्या होत्या: बाक, फलक, कचराकुंडी. प्रत्येकीपुढे देणाऱ्याचं नाव, जे त्या वस्तूवरही रंगवलेलं आहे. देखभालीसाठी म्हणून बाहेरून आलेली एकही नोंद नव्हती.

मग मी जे मनात होतं ते बोलले. "साहेब, कमान नसली तरी लोक येतील. वाट वाहून गेली तर कमानीखालून जाणार कुठं? तीन पावसाळे ही तोंडं मोकळी ठेवायचा खर्च द्या."

काकांचा चेहरा उतरला. साहेब मात्र सरळ बोलले. सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं कायद्यानुसार समाजाच्या कामासाठी काढलेला पैसा शक्यतो त्याच आर्थिक वर्षात खर्चायचा असतो, आणि दाखवता येईल असं काम सगळ्यांना सोयीचं पडतं. पण कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. तीन वर्षांपर्यंतचं काम तसं मंजूर झालं, तर उरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढे खर्चता येतो. अडचण दुसरीच होती. कंपनी आमच्या समितीला थेट पैसे देऊ शकत नव्हती. त्यासाठी नोंदणीकृत न्यास किंवा संस्था लागते, तिला आयकरातल्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या लागतात, कामाचा अनुभव लागतो आणि सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. कमान मात्र कंपनी स्वतःच्या कंत्राटदाराकडून परस्पर बांधू शकली असती. देखभालीला पैसा का मिळत नाही, याचं निम्मं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. देणाऱ्यांचं मन कोतं नसतं. पण पैसा आत येण्याची वाट बांधकामासाठी तयार आहे, रोजच्या कामासाठी ती आपल्याला तयार करावी लागते. गावोगाव अशी कामं करणाऱ्यांनी ही कागदपत्रं देणगीदार दारात यायच्या आधी करून ठेवावीत.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. काका रागावलेले होते. "दोन लाख रुपये दारातून परत पाठवले तुम्ही. उद्या कोन देईन?" त्यांचं चुकीचं नव्हतं. नाव लागलं की माणूस पुन्हा येतो, दुसऱ्याला सांगतो, हा त्यांचा अनुभव. दुसऱ्या बाजूनं गटातली एक आजी म्हणाली, "कमान झाडाले कोन येईन मग? आम्हीच ना?" बराच वाद झाला. पायविहीरचं नाव निघालं. आमच्याच तालुक्यातलं ते गाव. सामूहिक वनहक्काच्या जमिनीवर जंगल उभं करून तिथल्या सीताफळांतून त्यांनी पैसा उभा केला. तिथली ग्रामसभा हिशेब सांभाळू शकते, तर आपल्याला जड का जावं, असं एका पोरानं विचारलं आणि चर्चा वळली.

पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला. बाहेरून येणाऱ्या प्रौढांकडून माणशी वीस रुपये घ्यायचे, विद्यार्थ्यांकडून काही नाही. प्रत्येक घरातून मोठ्या पावसानंतर एक माणूस अर्धा दिवस द्यायचा. जमलेल्या पैशातून आधी ओळी, चर आणि अवजारं. उरलं तर बाकीचं. वाट वळणावळणांत वाटून दिली आहे. तिसरं वळण भरतीवाल्या पोरींनी मागून घेतलं, कारण पहाटे सगळ्यांत आधी पाय त्यांचा पडतो.

काकांनी ठरावावर सही केली, पण कमानीची आशा त्यांनी सोडलेली नाही. अमरावतीच्या एका जुन्या संस्थेशी बोलणं करून, तिच्यामार्फत तीन वर्षांच्या देखभालीचा प्रस्ताव आम्ही कंपनीला पाठवला आहे. उत्तर अजून यायचं आहे. तिसऱ्या वळणाच्या वर आणखी काही ओळी बसवायच्या आहेत. दगड निवडून कडेला लावून ठेवलेत, मृगाच्या आधी ते बसले पाहिजेत.